तातांचा जबडा

९ सप्टेंबर

यंत्र आलं एकदाचं. ट्रक पुलाच्या अलीकडेच फसला. शेवटी अर्ध्या तिल्कारा गावाने दोरखंड लावून खोकं चौकापर्यंत ओढत आणलं. आता जबड्याचा स्कॅन काढायला माझ्या रुग्णांना खाली शहरात जावं लागणार नाही. एकदा खाली गेलेला रुग्ण तिकडच्या डॉक्टरच्या गोड बोलण्याला भुलतो आणि पुन्हा माझ्या दारात दिसत नाही, हा आजवरचा अनुभव.

जोडणी झाल्याबरोबर मी बटण दाबायला गेले, तर तातांनी हात धरला. "आधी धरणीमातेला विचारलंस?"

माझे वडील एकदा आडवे आले की मागे सरत नाहीत. मग रीतसर सगळं झालं. यंत्राच्या पायाशी बिअर शिंपडली, कोकाची पानं वाहिली, रुग्णाच्या डोक्याभोवती फिरणाऱ्या त्याच्या हाताला कागदी फिती गुंडाळल्या. फाउस्तोकाकांनी वरून रंगीत कपटे उधळले. यंत्र बसवायला कोर्दोबाहून आलेला इंजिनियर पांढराफटक पडला होता. आत ओल गेली तर हमी रद्द, असं तो सारखं सांगत राहिला. तातांनी त्याचं सांत्वन म्हणून त्याच्या मुठीत पानं कोंबली. ती त्याने खिशात टाकली. बेनिता, माझी मदतनीस, दाराशीच उभी राहिली. तिच्या चर्चमध्ये पानं वर्ज्य आहेत. बाकी आम्ही सगळ्यांनी गालात तोबरे भरले, रस उतरावा म्हणून त्यांना राखेच्या वडीचा तुकडा लावला आणि यंत्राचा पहिला घूं-घूं आवाज ऐकला. कपटे अजून फटींतून निघताहेत.

१२ सप्टेंबर

गावाला सांगते की यंत्र गावासाठी घेतलं. इथे खोटं कशाला लिहू? तातांसाठी घेतलंय.

त्यांची खालची कवळी बसतच नाही. हिरडी झिजून सपाट झालीये. तीनदा नवी करून दिली. जेवताना कशीबशी टिकते, पण सिकुचा नळ्यांचा पावा वाजवायला फुंकर मारली की उचलते. गेल्या ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात डोंगर उतरताना ऐन सुरात बाहेर पडली आणि मागच्या ढोलवाल्याने तिच्यावर पाय दिला. फाउस्तोकाका ती गोष्ट तेव्हापासून सांगताहेत, आणि दर वेळी ढोलवाल्याचं वजन वाढतंय. त्यांना काय, त्यांची कवळी माझ्या हातची, दगडासारखी बसलेली. तिचा त्यांना भलता माज आहे.

पण गंमत तेवढीच. सिकुचा पावा एकट्याला वाजवता येत नाही. अर्धे सूर एकाच्या नळ्यांत, अर्धे दुसऱ्याच्या. एकाने फुंकायचं, दुसऱ्याने उचलायचं, तेव्हा कुठे एक गाणं होतं. तातांचे उरलेले अर्धे सूर म्हणजे फाउस्तोकाका. मी जन्मायच्या आधीपासून ही जोडी पुंता कोर्रालच्या मातेची मूर्ती खाली आणायला डोंगरावर जाते. काकांचे गुडघे आता बोलायला लागलेत. येत्या पवित्र आठवड्यात शेवटचं चढणार, मग बास, असं त्यांनी जाहीर केलंय. त्यांचं हे बोलणं झालं त्या दिवशी तातांनी सूपही घेतलं नाही.

उपाय एकच: खालच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांना अडकवायची. हाड कठीण निघालं तर तीन महिन्यांत स्क्रू धरतात, मग एप्रिलमध्ये ताता वाजवतील. मऊ निघालं तर थेट ऑगस्टच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं, आणि काका थांबणार नाहीत. तेव्हा हाड कठीण निघायलाच हवं. डॉक्टरने असं लिहू नये, हे कळतं मला.

२ ऑक्टोबर

आज तातांचा स्कॅन. बेनिताने चष्मा, गळ्यातली साखळी, कवळी सगळं काढून घेतलं. टोपीवरून वाद झाला. टोपीत कुठे धातू आहे, हा त्यांचा मुद्दा बरोबरच होता, पण बेनिता नियमाची पक्की. शेवटी टोपी मांडीवर घेऊन, डावा गाल फुगवून, फोटो काढायला बसावं तसे ताठ बसले. आधी मला पिशवीतून पानं दिली, तोंड कोरडं नको म्हणाले.

पडद्यावर कठीण हाड हिरवं दिसतं, मध्यम पिवळं, मऊ लाल. तातांची उजवी बाजू लालसर पिवळी. मग डावी बाजू उघडली, तर हिरवीगार! एवढ्या वयात असं हाड! मी त्यांच्या टकलाची पापी घेतली, बेनितासमोर. डावा स्क्रू घट्ट बसला की उजव्याला सांभाळून घेईल. जोडीत एक धडधाकट असला की निभतं.

१९ ऑक्टोबर

काहीतरी मोठं हाती लागतंय, असं वाटतं.

आजवर ज्यांचे स्कॅन काढले त्यांत बहुतेकांची एक बाजू दुसरीपेक्षा कितीतरी कठीण आहे. बेकरीवालीची डावी, शाळेच्या मुख्याध्यापकांची डावी, मेंढ्या राखणाऱ्या पुकाची मात्र उजवी. तो डावखुरा आहे, त्याचं सगळंच उलटं. कोर्दोबात शिकताना शेकडो जबडे पाहिले, असं कधी दिसलं नाही. सरावासाठी बेनिताचा काढला, तर दोन्ही बाजू सारख्या. पण ती शहरात वाढलेली, मऊ पावावर पोसलेली. आम्ही डोंगरातली माणसं लहानपणापासून उकडलेला मका आणि वाळवलेलं मांस एकाच बाजूने चावतो. ती बाजू पिढ्यान्‌पिढ्या घट्ट होत गेली असणार. आमच्या खोऱ्याचा जबडाच वेगळा!

यावर निबंध लिहायचा. कोर्दोबाच्या परिषदेत वाचायचा. तिथे मला "डोंगरावरची पोरगी" म्हणायचे, त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकावा. तातांना सांगितलं. त्यांनी तोबरा चघळत विचार केला आणि म्हणाले, तुझ्या आईचा जबडा तर दोन्ही बाजूंनी मजबूत होता, कधी थांबायचाच नाही.

२ नोव्हेंबर

मृतात्म्यांचा दिवस. आईसाठी टेबल मांडलं. पावाची शिडी, पावाचं कबूतर, तिची आवडती मक्याची दारू. फाउस्तोकाकांनी आईला ऐकू जावं म्हणून कबुतराची चोच मोठ्याने कडकन मोडून खाल्ली. तातांनी आपला तुकडा दारूत भिजवला, मऊ केला, मग तिच्या फोटोला सांगितलं की पुढच्या वर्षी तुझ्यासमोर कोरडा चावून दाखवतो, तुझ्या पोरीने शब्द दिलाय.

मी शब्द दिला नव्हता. पण तिथे नाही कसं म्हणणार?

१८ नोव्हेंबर

दोन्ही स्क्रू बसले. ताता शहाण्या मुलासारखे पडून होते, फक्त पायाच्या अंगठ्याने ठेका धरला होता.

एक नोंद करून ठेवते. डाव्या बाजूला भोक पाडताना फार जोर लागला नाही. उकडलेल्या बटाट्यात सुरी जावी तसं झालं. ड्रिलचं नवीन पातं फार धारदार आलंय, आधीच्या पात्याची मला सवय. स्क्रूही शेवटच्या फेऱ्यांत हवा तेवढा आवळला नाही. पण स्कॅन हिरवा आहे, आणि यंत्र काय खोटं बोलणार आहे?

दोन दिवस पानं नाहीत, असं बजावलं होतं. संध्याकाळी सूप घेऊन गेले तर गाल फुगलेला. वर मलाच समजावलं, डावीकडे टाके जास्त आहेत, म्हणून मी उजवीकडे धरलाय, तुझं ऐकलंच की.

२८ डिसेंबर

निबंधाचा सारांश कोर्दोबाला पाठवला. ग्रासिएलाबाईंचं उत्तर आलं. त्यांनीच मला हाडं वाचायला शिकवलं. उत्तर एका ओळीचं: छान, पण एकाच माणसाचे दोन वेळचे स्कॅन आहेत का? कौतुकाचा एक शब्द जास्त लिहिला असता तर त्यांचं काय गेलं असतं. असो. तातांचा दुसरा स्कॅन जानेवारीत आहेच, तो पाठवीन.

२२ जानेवारी

डोकं ताळ्यावर नाही, तरी क्रमाने लिहिते.

सकाळी ताता आले. टोपीवरून वाद, मग स्कॅन. पडदा उघडला तर उजवी बाजू हिरवी आणि डावी लाल. हाडाने घर बदललं होतं. आधी वाटलं मी डावं-उजवं उलटं लावलं. तसं नव्हतं. मग वाटलं यंत्र बिघडलं; बिअर शेवटी आत गेलीच. फिरत्या हाताखाली वाकून पाहिलं, एक गुलाबी कपटा सापडला, बाकी काही नाही.

पडद्यासमोर बसून राहिले. विचार करताना मला एक सवय आहे, तोबरा जिभेने इकडून तिकडे ढकलायची. तसा ढकलला, डावीकडून उजवीकडे. आणि तिथेच थिजले.

मागे वळून तातांकडे पाहिलं. उजवा गाल फुगलेला. टाके पडल्यापासून तो उजवीकडेच आहे.

काखेत कळसा म्हणतात. माझ्या तर गालात होता. पानांना लावतो ती राखेची वडी किरणांना अडवते, आणि तिचं पांढरं सावट शेजारच्या हाडावर पडतं. यंत्राला ते हाडच वाटतं. कोर्दोबात कोणाच्या गालात पानं नसतात, म्हणून बाईंनी कधी शिकवलं नाही. आणि इथे आम्ही चष्मा काढा, साखळी काढा, टोपी काढा म्हणतो, पण पानं थुंका म्हणायचं कोणाला सुचणार? ते म्हणजे जीभ काढून ठेवा म्हणण्यासारखं. डॉक्टरीणबाईंच्याच गालात तोबरा! बेनिताच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या त्या मऊ पावामुळे नव्हे.

तातांना चूळ भरायला लावली. त्यांना राग आला, पानं ताजी होती. एका दिवसात दोनदा किरणं द्यायची नसतात, पण दिली.

दोन्ही बाजू लाल.

२३ जानेवारी

स्क्रू तपासले. उजवा बरा आहे. डाव्याने अजून धरलेलं नाही, बोटाला कळेल इतका हलतो. बटाट्यात सुरी जात होती तेव्हाच माझा हात सांगत होता. मी ऐकलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतं.

कोर्दोबाला पत्र पाठवलं, निबंध मागे घेतला. स्कॅन काढलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलंय. तातांखेरीज दोघांनाच स्क्रू बसवले होते, त्यांचे सुदैवाने पक्के आहेत. बेनिताने यंत्राशेजारी पानं थुंकायला एक तसराळं आणून ठेवलं.

मग संध्याकाळी ताता. सगळं सांगितलं. आत्ता कवळी अडकवली आणि फुंकायला लागलात तर डावा स्क्रू निघेल, निघताना हाडही घेऊन जाईल, मग हिवाळ्यातही दात नाहीत आणि पुढेही नाहीत. ऑगस्टपर्यंत थांबायचं, तोवर खालची कवळी घालायचीही नाही.

बराच वेळ त्यांनी टोपी हातात फिरवली. "तू अडकव," म्हणाले. "एक आठवडा टिकली तरी मला पुरे. पुढचं पुढे."

मी खरं लिहिते, मनात आलं: अडकवावी. त्यांचाच जबडा, त्यांचीच इच्छा. काकांबरोबर एकदा वर जाऊन येतील, मग जन्मभर सूप पितील, सूप तर मी तसंही करतेच. एवढंसं काम, चुटकीसरशी झालं असतं.

"नाही अडकवणार, ताता."

"मी बाप म्हणून सांगतोय."

"म्हणूनच नाही."

टोपी घालून निघून गेले. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लावून घेतलं.

३१ जानेवारी

सूप घ्यायला येत नाहीत. बेनिताच्या हाती पाठवते, भांडं रिकामं येतं. म्हणजे राग माझ्यावर आहे, सूपवर नाही.

आज फाउस्तोकाका मला फैलावर घ्यायला आले. खुर्चीत ऐसपैस बसले, आपल्या दगडी कवळीने भाजके चणे कडाकडा फोडत होते. माझ्याकडे दात आहेत तर गुडघे नाहीत, त्याच्याकडे गुडघे आहेत तर दात नाहीत, देवाला एवढाही हिशेब जमू नये, म्हणाले. मी विचारलं, एक वर्ष थांबलात तर? चणे फोडायचे थांबले. "नेलिदा, मागच्या खेपेला उतरताना मी दोनदा बसलो. तुझ्या बापाला वाटतं बुटाची नाडी बांधायला बसलो."

हे तातांना सांगायचं नाही, असं वचन घेऊन गेले. जाताना चणे ठेवून गेले. मला रडू आलं, आणि चणे खात खात रडले.

२० फेब्रुवारी

कार्निव्हल. गेल्या वर्षी पुरलेल्या सैतानाच्या बाहुल्याला रीतीप्रमाणे उकरून काढलं, गाव पिठाने पांढरं झालं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते, तेवढ्यात मागून कोणीतरी मूठभर पीठ माझ्या डोक्यावर चोळलं. वळले तर ताता. बोळकं पसरून हसत होते. कानामागे तुळशीचा तुरा.

आत आले, खुर्चीवर बसले, स्वतः चूळ भरून तसराळ्यात थुंकले आणि आ वासला. "बघ, रिकामा आहे." स्कॅन नव्हता आज, तरी मी बोटाने दोन्ही गाल तपासले. डावा स्क्रू आधीपेक्षा कमी हलतो. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, तुझी आईसुद्धा नाही म्हणाली की नाहीच, तुझं जबड्याचं हाड तिच्यावर गेलंय. मग दोघांनी मिळून मका खाल्ला. त्यांचा मी कुस्करून दिला.

पवित्र आठवड्यात वर जाणार का, विचारलं. जाणार, फाउस्तोची पिशवी उचलायला, म्हणाले. वाजवायला नाही.

रविवार, झावळ्यांचा

पवित्र आठवडा लागला. निघाले दोघं डोंगरावर. पिशव्या दोन्ही तातांच्या खांद्यावर. तातांच्या घोंगडीच्या गुंडाळीतून सिकुचं टोक दिसत होतं. मी ते घोंगडीत नीट आत सारलं. काकांची काठी मात्र नवीन होती, तिचं टोक तातांनी स्वतः तासलेलं. म्हणजे नाडीचं प्रकरण त्यांना आधीपासून ठाऊक आहे.

बुधवार

माता खाली उतरली. दुपारपासून गावाच्या वेशीवर बेनिताला घेऊन उभी होते. तिच्या चर्चला माताही चालत नाही, पण आली. एकामागून एक वाजंत्र्यांचे ताफे धुळीतून येत होते, ढोल पोटात वाजत होते. तातांचा ताफा मी डोळे मिटूनही ओळखते.

तो आला तेव्हा सूर खणखणीत होते, पण मधोमध काहीतरी वेगळं होतं. गवतातून वारा जावा तसा नुसता हवेचा आवाज. ओळखलं, ताता बोळक्याने वाजवताहेत. फुंकर नीट धरायला खाली दात नाहीत, नळीवर नुसता श्वास घासत होता. पण मग लक्षात आलं की हवा सलग आहे. तातांचा सूर संपतो तिथे काकांचा खणखणीत सूर यायला हवा, आणि तिथेही हवाच येत होती.

काकांचं काहीतरी बिघडलं, दम संपला, असं वाटून गर्दीतून आत घुसले. दोघं खांद्याला खांदा लावून चालत होते, चेहऱ्यांवर बोटभर धूळ. काकांचे दोन्ही गाल आत बसलेले, ओठ तोंडात गेलेले, ओळखूच येईनात. "काका, काय होतंय?" मी ओरडले. त्यांनी पावा न थांबवता डोळ्यांनीच सदऱ्याचा खिसा दाखवला. खिसा फुगला होता. मी चाचपला. रुमालात गुंडाळलेली कवळी, माझ्या हातची, वरची आणि खालची दोन्ही.

गाणं संपल्यावर काका बोलले, बोळक्यातलं ते बोलणं मला दोनदा विचारावं लागलं तेव्हा कळलं. "एकाचा सूर खणखणीत आणि दुसऱ्याची नुसती हवा. बरं दिसतं का ते? जोडी म्हणजे जोडी." वर पहिल्याच मुक्कामाला काढून ठेवली होती, ती उतरेपर्यंत घातली नाही. उकडलेला मकाही दोघांनी भिजवून खाल्ला म्हणे.

ताता पावा छातीशी धरून उभे होते, आणि धुळीवरून दोन रेघा थेट हनुवटीपर्यंत आल्या होत्या.

घरी सूपला दोघं आले. मी काकांना म्हटलं, झालं ना शेवटचं चढणं, आता गुडघ्यांना विश्रांती द्या. त्यांनी कवळी धुऊन तोंडात बसवली, दोनदा कटकट वाजवून पाहिली आणि गंभीरपणे मान हलवली.

"हे वर्ष धरायचं नाही," म्हणाले. "हे बिनदाताचं होतं. शेवटचं ते पुढच्या वर्षी."

तातांनी त्यांच्यापुढे पावाची टोपली सरकवली आणि मला विचारलं, ऑगस्टच्या स्कॅनला टोपी चालेल का. चालेल म्हटलं.